काय शोधताय, डॉक्टर?

केसपेपरवर ‘तीन’ हा आकडा दिसला की आजही माझे कान गरम होतात. पंचवीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली. रक्त बघून मला काही होत नाही, नातेवाइकांच्या आरडाओरड्याने काही होत नाही, आणि एका साध्या आकड्याने होतं. त्याला कारण मी स्वतः, आणि आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीतले काका.

काकांचं नाव मुद्दाम घेत नाही. हॉस्पिटलातही ते कुणी घेत नसे. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांचे ते काकाच. ते सीटीचे टेक्निशियन होते. मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात सीटीचं मशीन तळमजल्यावर, कॅज्युअल्टीला लागून. मध्ये एक दार आणि दहा पावलांचं अंतर. तरी काका त्यांच्या खोलीतून मला फोन करायचे. स्कॅनचा कागद आत गेला की दोन मिनिटांत घंटी वाजलीच म्हणून समजा.

“डॉक्टर, काय शोधताय?”

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा फोन आला तेव्हा मी वैतागलो. म्हणालो, “काका, अ‍ॅक्सिडेंट आहे. बाइकवरून पडलाय. डोकं, मान, छाती, पोट, सगळं करून टाका.”

“ते कुठे शोधायचं ते झालं. काय शोधताय?”

“काहीही असू शकतं ना!”

“काहीही माझ्या मशीनमध्ये दिसत नाही. रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. तुमचा पेशंट इथे बाकावर बसून बाइक कुणी उचलून ठेवली ते फोनवर विचारतोय. मनगट सुजलंय, त्याचा एक्स-रे काढू. पोट दाबून बघितलंत?”

मी हातातला केसपेपर उलटापालटा केला.

“बघा दाबून. दुखलं तर पाठवा. मी इथेच आहे. मशीनला पाय नाहीत, पळून जात नाही.”

खरं सांगायचं तर मी त्या मुलाच्या पोटाला हातही लावला नव्हता. मग लावला. पोट मऊ होतं आणि तो हसत होता, कारण त्याला गुदगुल्या होत होत्या.

काकांचं म्हणणं साधं होतं. सीटीमध्ये साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त किरण अंगात जातात. एका स्कॅनने कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही, धोका असतो तो अगदी लहान आणि पुढे कधीतरीचा. पण ज्याला पुढे खूप वर्षं जगायचंय त्याच्या बाबतीत तो जास्त. गरज असेल तर स्कॅन जीव वाचवतो, आणि गरज नसेल तर ते किरण फुकट. “मिठासारखं आहे, डॉक्टर,” ते म्हणत. “पानात वरून वाढून घेता येतं. भाजीत एकदा पडलं की काढून दाखवा.”

किरणांशी त्यांची ओळख जुनी होती. वडील जालन्याकडून येऊन विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले, आणि काकाही आधी तिथेच. लोखंडी टाक्यांच्या वेल्डिंगचे जोड आतून पक्के आहेत की नाही ते एक्स-रे काढून बघायचं काम. पुढे शिकून ते माणसांच्या एक्स-रेत आले. “तिकडे मजा होती,” ते सांगायचे. “लोखंडाला कितीही द्या. लोखंडाला शाळेत जायचं नसतं.”

माणूस विक्षिप्त होता, यात शंका नाही. एक तर ते बघून वजन सांगत. पेशंट दारात आला की “बासष्ट”, “अठ्ठेचाळीस” असं पुटपुटत आणि त्याप्रमाणे मशीनची मात्रा बेतत. बारीक माणसाला जाड माणसाची मात्रा देणं हे त्यांच्या लेखी चोरीइतकंच वाईट होतं. पण ही सवय हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबत नसे. माझ्या मुलीच्या बारशाला ते घाटकोपरला माझ्या सासुरवाडीला आले. सासूबाई स्वागताला पुढे झाल्या, आणि काकांनी नमस्कार करत करत, अगदी आदराने, “एकोणऐंशी” म्हटलं.

सासूबाई त्यानंतर वर्षभर त्यांना “तुमचे ते तराजूवाले” म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी शेजाऱ्यांकडून वजनाचा काटा मागवला. एकोणऐंशीच.

दुसरं वेड मधोमधचं. पेशंट मशीनच्या गोलाच्या बरोबर मधोमध असला पाहिजे. थोडा वरखाली झाला तरी मशीनचा अंदाज चुकतो आणि नको तिथे जास्त किरण जातात. हे शास्त्र झालं. पण काका कँटीनच्या टेबलावरचा मिसळीचा ट्रेसुद्धा मधोमध सरकवत. कुणाचा फोटो वाकडा दिसला की बोलणं अर्धं टाकून उठत. शिशाचे एप्रन तर त्यांनी पैठण्यांसारखे जपले. ते घडी करून ठेवले की आतून चिरतात, म्हणून एकेक रुंद दांडीवर टांगलेला. मी एकदा एप्रन खुर्चीवर फेकला, तर काका दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

आणि श्वास. छातीचा, पोटाचा स्कॅन काढताना पेशंटने श्वास रोखायचा असतो. तो हलला तर चित्र फिसकटतं आणि पुन्हा काढावं लागतं, म्हणजे किरण दुप्पट. मशीनमध्ये त्यासाठी एका बाईचा आवाज भरलेला होता, इंग्रजीत आणि विमानतळावरच्या हिंदीत. काकांनी तो बंद करून टाकला. ते स्वतः सांगत. पेशंट मराठी असेल तर मराठीत, गुजराती असेल तर गुजरातीत, आणि आधी दोनदा तालीम घेत. खारदांड्याच्या एक मासेवाल्या मावशी मुलुंडला मुलीकडे आल्या असताना छातीत दुखतं म्हणून आल्या होत्या.

“मावशी, मी सांगितलं की श्वास धरायचा. दहा सेकंद. जमेल?”

“दहा? अरे भावा, बाजारात मी एका श्वासात चार गिऱ्हाइकं परतवते.”

“परतवू नका. नुसता धरा.”

मावशींनी इतका वेळ धरला की स्कॅन संपून टेबल बाहेर आलं तरी गाल फुगलेलेच. काकाच घाबरले. “सोडा, मावशी, सोडा! झालं!”

काकांची हट्टाची गोष्ट सांगायची तर सीडीची सांगायला हवी. एक कॉलेजातली मुलगी पोटात दुखतं म्हणून आली. सकाळीच दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये तिचा पोटाचा स्कॅन झालेला, सोबत सीडी. ती आमच्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडेना, कारण सीडी घालायची फटच आता कुठल्या कॉम्प्युटरला नसते. मी म्हणालो, “वेळ कशाला घालवायचा, पुन्हा काढू.” काकांनी सीडी माझ्या हातातून घेतली आणि बाहेर पडले. अर्ध्या तासाने रेडिऑलॉजिस्ट मॅडमना बोलावणं आलं, कँटीनमधून. कँटीनच्या शेट्टींकडे एक जुनाट कॉम्प्युटर होता, भजनं लावायला ठेवलेला. भजन थांबवून काकांनी त्यात सीडी घातली होती. मॅडम नाक मुरडत खाली उतरल्या, वड्याच्या घाण्याशेजारी उभं राहून पडद्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, “हे काय, अपेंडिक्स सुजलंय की!” मग पेन ड्राइव्हवर घेऊन वर नीट बघितलं, आणि संध्याकाळच्या आत मुलीचं ऑपरेशन झालं. शेट्टी अजून सांगतात की निदान त्यांनी केलं.

आता मला माझं सांगायला हवं. मी ते पुढे ढकलतोय, हे मलाही कळतंय.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एक आजोबा आले होते. जिन्यात घसरले, डोक्याला खोक. बोलत होते, चेष्टा करत होते. मी टाके घातले आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना झोळीसारखं उचलून आणलं. डोक्यात रक्तस्राव. ते वाचले, पण त्यांचं बोलणं परत आलं नाही. त्यांचा मुलगा मला एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मला भीती बसली. डोकं धरून कुणी आलं की मला तो जिना दिसे. सगळ्यांचे स्कॅन काढावेसे वाटत. पण दाराच्या पलीकडे काका होते आणि त्यांचा तो प्रश्न. त्यावर मी एक युक्ती काढली. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या होणं हे धोक्याचं लक्षण मानतात. तसं कागदावर असलं, खाली डॉक्टरची सही असली, की काका फोन करत नसत. म्हणून मी लिहू लागलो: ‘पडल्यावर तीन उलट्या.’ झालेल्या नसताना. मोठ्यांच्या कागदावर लिहिलं, मुलांच्याही लिहिलं. किती जणांच्या, ते मला माहीत नाही. जुने कागद काढून बघता आले असते. मी कधी बघितले नाहीत.

एका रविवारी दुपारी सात वर्षांच्या एका मुलीला तिचे आईवडील घेऊन आले. सोसायटीच्या बागेत झोपाळ्यावरून पडलेली, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. लगेच रडली होती, शुद्ध हरपली नव्हती. माझा स्टेथोस्कोप काढून घेऊन ती आपल्या बाहुलीला लावत होती. वडील मात्र घामाघूम.

“डॉक्टर, सीटी करा. आत्ताच्या आत्ता. कॅशलेस आहे आमचं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

जबाबदार म्हटल्यावर माझा हात आपोआप चालला. ‘तीन उलट्या.’ सही. कागद आत गेला, मुलगी आईबरोबर आत गेली.

फोन आला नाही. दहा मिनिटांनी काका स्वतः दारात उभे राहिले. मला बोटाने बोलावलं आणि प्लास्टरच्या खोलीत नेऊन दार लावलं.

“डॉक्टर, उलट्या कुणाला झाल्या?”

“म्हणजे?”

“ती म्हणते मला नाही झाली. आई म्हणते नाही झाली. राहिलात तुम्ही. तुम्हाला झाल्या का?”

मी प्लास्टरच्या बादलीकडे बघत राहिलो.

“आणि एक सांगा,” काका शांतपणे म्हणाले, “तुमच्या पेशंटना नेहमी तीनच उलट्या कशा होतात? दुसऱ्या डॉक्टरांच्या पेशंटना दोन होतात, पाच होतात. तुमच्याकडे आलं की तीन.”

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“मागच्या दिवाळीपासून शंका होती. म्हटलं, माणूस चांगला आहे, आपणहून थांबेल. तिथे मी चुकलो. आजवर प्रत्येक वेळी बटण मी दाबलं ना? म्हणजे अर्ध्या उलट्या माझ्या.”

तो विनोद होता, पण ते हसत नव्हते. मी त्यांना त्या आजोबांचं सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

“माहीत आहे. दुसऱ्या दिवशीचा त्यांचा स्कॅन मीच काढला. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. तुम्ही विचारलं होतंत?”

“नाही.”

“मग तुमचा स्कॅन राहिला नव्हता, विचारायचं राहिलं होतं. विचारलं असतंत तर स्कॅन आपोआप झाला असता. त्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांना मशीनमध्ये घालताय, आणि विचारत अजूनही नाही.”

इतकी वर्षं झाली, यातला एक शब्द मी विसरलेलो नाही.

“आता काय करू?” मी विचारलं.

“मुलीला ठेवून घ्या, चार तास बघू. बापाला तुम्ही सांगायचं. मी शेजारी उभा राहतो.”

मी बाहेर जाऊन सांगितलं की मी कागदावर चुकीचं लिहिलं होतं, मुलीला आत्ता स्कॅनची गरज दिसत नाही, पण आम्ही तिच्यावर लक्ष ठेवू. वडील भडकले. “म्हणजे मघाशी गरज होती आणि आता नाही? टाइमपास चाललाय काय?” मी म्हणालो, “मघाशी मी घाबरलो होतो.” ते माझ्याकडे बघतच राहिले. आईने त्यांचा हात धरून खाली बसवलं. “बस रे तू,” ती म्हणाली. “निदान खरं बोलतायत.”

काकांची ड्यूटी दोनला संपली. ते गेले नाहीत. स्टूल घेऊन मुलीच्या खाटेशी बसले.

“बावीस किलो,” त्यांनी जाहीर केलं.

“तेवीस! शाळेत मोजलंय.”

“दप्तरासकट मोजलं असेल.”

“काका, तुमचं मशीन मला बघायचंय.”

“तुला कशाला? तुला काही झालेलं नाही. हिला काय झालंय?” त्यांनी बाहुलीकडे बोट दाखवलं.

“हिला खूप उलट्या झाल्यात.”

“हं,” काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग हिचा काढायला हवा.” आणि खरंच बाहुलीला नेऊन टेबलावर निजवलं, मधोमध, लाल रेघा बरोबर नाकावर आणून. किरण अर्थातच सोडले नाहीत. श्वासाची तालीम मात्र बाहुलीकडूनही दोनदा घेतली.

मी दर अर्ध्या तासाने मुलीला तपासत होतो. तीनच्या सुमाराला ती आडवी झाली आणि बोलेनाशी झाली. डोळे मिटले. पुन्हा तो जिना. मी सीटीच्या खोलीत काकांकडे धावलो. “काका, स्कॅन करू या?”

“लहान मुलांची मात्रा लावून मशीन दुपारपासून तयार ठेवलंय. उठली नाही तर दोन मिनिटांत करतो. पण आधी विचारा.”

“कुणाला?”

“आईला. आणि तिला.”

आई म्हणाली, रविवारी जेवून ती या वेळी झोपतेच. मग मी मुलीच्या खांद्याला हात लावून हाक मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिने एक डोळा उघडला.

“बाहुलीचं नाव काय गं?”

“मघाशी सांगितलं ना!” ती ओरडली. “झोपू दे ना मला! आई, सांग ना यांना!”

इतकं गोड माझ्यावर आयुष्यात कुणी खेकसलेलं नाही. तासाभराने ती आपणहून उठली, दोन इडल्या खाल्ल्या आणि आइस्क्रीमवरून बापाशी भांडत घरी गेली. काय दिसलं तर तडक परत यायचं, ते मी आईला लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर वडील म्हणाले, “शाळेत गेलीय. आणि डॉक्टर… थँक्यू हं.” त्या थँक्यूवर माझा हक्क नव्हता. मी तो काकांना जाऊन सांगितला. ते म्हणाले, “वजन विचारलंत का? बावीसच असणार.”

त्यानंतर मी खोट्या उलट्या लिहिल्या नाहीत. आमच्या स्कॅनच्या कागदावर आता वर एक छापील चौकट असते: ‘काय शोधायचे आहे?’ ती माझ्या मागे लागण्याने आली. काकांना दाखवली तेव्हा त्यांनी कागद दूर धरून बघितला आणि म्हणाले, “चौकट डावीकडे गेलीय.” मग ते निवृत्त झाले.

मागच्या वर्षी ते कॅज्युअल्टीत आले, या वेळी ट्रॉलीवरून. विक्रोळीच्या घरात बुद्धांची तसबीर सरळ करायला स्टुलावर चढले आणि पडले. डोक्याला खोक. त्यांच्या मुलीने रिक्षात घालून आणलं. ते बरे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. स्कॅन स्वच्छ आला. टेबलावर निजून त्यांनी आमच्या नव्या टेक्निशियन मुलीला “अगं, मी खाली गेलोय, एक सेंटिमीटर वर घे” म्हणून सुनावलं, आणि स्वतःचं वजन अडुसष्ट सांगितलं, जे काट्यावर बाहत्तर भरलं. मला सांगायचंय ते त्याआधीचं.

ट्रॉलीवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, “काय शोधताय, डॉक्टर?”

“कवटीच्या आतला रक्तस्राव,” मी म्हणालो. “वय झालंय, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डोक्याला मार आहे, उलटी झालीय.”

“हं. बरोबर. कागद बघू.”

मी कागद दिला. चष्मा फुटला होता, म्हणून त्यांनी तो हातभर लांब धरला. ओठ हलत होते. एका ओळीशी थांबले.

“उलटी, एक,” त्यांनी वाचलं. “मोजली होतीत?”

“तुम्हाला विचारलं. मुलीला विचारलं. आणि बाहेर जाऊन रिक्षावाल्यालाही विचारलं.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, एकच साहेब, पण पूर्ण मागच्या सीटवर.”

काका इतके हसले की त्यांच्या मुलीने कपाळावरची पट्टी दाबून धरली. हसू ओसरलं तसा त्यांनी कागद माझ्यापुढे केला, आणि खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“करा सही,” ते म्हणाले.